विश्लेषण : ऑस्ट्रेलियात ‘हॉटेल मॅनेजमेंट’ शिकणारे परदेशी विद्यार्थी समाधानी आहेत का? हे समाधान मोजतात कसे?

ऑस्ट्रेलियात उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी एका सरकारी सर्वेक्षणात विचारले जाते, यंदाचा शिक्षणाचा अनुभव कसा होता? बहुसंख्य विद्यार्थी ‘चांगला’ किंवा ‘उत्कृष्ट’ असे उत्तर देतात. त्याच देशात २०२३ च्या पहिल्या सहामाहीत परदेशी विद्यार्थ्यांचे सुमारे १७ हजार ‘दुहेरी प्रवेश’ झाल्याचे सरकारने जाहीर केले. विद्यापीठाच्या प्रवेशावर व्हिसा काढायचा आणि तिथे उतरल्यावर थोड्याच दिवसांत एखाद्या स्वस्त व्यावसायिक कॉलेजातही नाव घालायचे, असा हा प्रकार होता. २०१९ आणि २०२२ च्या त्याच काळात हा आकडा दोन्ही वर्षे मिळून साडेदहा हजारांच्या आसपास होता. हे प्रवेश सगळ्याच विषयांतले होते. पण हॉटेल व्यवस्थापन आणि पाककला या शाखांना ही गोष्ट विशेष लागू पडते, कारण इथे विद्यापीठाची पदवी आणि कॉलेजचे प्रमाणपत्र एकाच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात.

समाधानही आहे आणि पळवाटही आहे, हे कसे? महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे बारावीनंतर किंवा इथली ‘बीएचएमसीटी’ ही चार वर्षांची पदवी झाल्यावर मुलांना ऑस्ट्रेलियात पाठवण्याचा विचार करतात. कर्ज काढण्याआधी त्यांनी या प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे.

समाधानाचा आकडा येतो कुठून?

१९८० मध्ये रिचर्ड ऑलिव्हर या अभ्यासकाने ग्राहकाच्या समाधानाची एक सोपी मांडणी केली. ग्राहक वस्तू किंवा सेवेला एकटीला तोलत नाही, आधी मनात धरलेल्या अपेक्षेशी तिची तुलना करतो. अनुभव अपेक्षेच्या वर गेला तर तो खूश, खाली राहिला तर नाराज. पुढे १९८८ मध्ये ए. परशुरामन, व्हॅलेरी झाइथमल आणि लेनर्ड बेरी यांनी यावरून ‘सर्व्हक्वाल’ नावाची २२ प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. सोयीसुविधा, भरवसा, तत्परता, विश्वास आणि आपुलकी असे तिचे पाच भाग. अनुभवातून अपेक्षा वजा केली की गुण मिळतात. साधी वजाबाकी.

गंमत अशी की हीच मोजपट्टी हॉटेल व्यवस्थापनाच्या वर्गात हमखास शिकवली जाते. पाहुण्याला खोली सांगितल्याप्रमाणे मिळाली का, तक्रार केल्यावर किती मिनिटांत कोणी आले, हे कसे मोजायचे ते विद्यार्थी शिकतात. तीच पट्टी विद्यापीठाला लावली की मात्र वजाबाकीतला एक आकडा कोणी फारसा तपासत नाही, तो म्हणजे अपेक्षा. शिक्षण कसे होते हे विचारले जाते. जाण्याआधी काय सांगितले होते, ते कोणी सांगितले आणि सांगणाऱ्याला त्याचे किती पैसे मिळाले, हे प्रश्नावलीत नसते.

म्हणून एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेले दोन विद्यार्थी वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात. समजा, एक जण उत्तम शेफ व्हायचे म्हणून आला आहे आणि दुसऱ्याला ‘दोन वर्षे शिक, मग तिथेच कायमचा राहा’ असे सांगून पाठवले आहे. प्राध्यापक तेच, ओव्हनही तोच. पहिला समाधानी असेल, दुसरा नसेल. यात विद्यापीठाचा दोष किती आणि त्या दुसऱ्याला पाठवणाऱ्याचा किती?

सरकारी सर्वेक्षण काय सांगते?

ऑस्ट्रेलियात ‘क्विल्ट’ या नावाने ओळखली जाणारी सर्वेक्षणांची मालिका आहे. त्यातले ‘स्टुडंट एक्स्पीरियन्स सर्व्हे’ सध्या शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचे मत घेते. अध्यापनाचा दर्जा, कौशल्यविकास, शिकण्याची साधने, विद्यार्थ्यांना मिळणारी मदत आणि सहाध्यायांशी होणारा संपर्क असे त्याचे मुख्य भाग आहेत. निकाल ‘कम्पेअर-ईडी’ या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतात. दोन विद्यापीठे शेजारीशेजारी ठेवून तुलनाही करता येते. आपल्याकडे इतकी उघड माहिती क्वचितच मिळते, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

या सर्वेक्षणाने वाईट बातमीही लपवलेली नाही. २०१९ मध्ये पदवीच्या ७८ टक्के विद्यार्थ्यांनी एकूण अनुभव चांगला असल्याचे सांगितले होते. २०२० मध्ये, करोनाच्या वर्षात, हे प्रमाण ६९ टक्क्यांवर घसरले. वर्ग ऑनलाइन गेल्याचा हा परिणाम होता. हॉटेल व्यवस्थापनाला हा फटका दुहेरी बसला. सॉस कसा आटवायचा किंवा भरलेल्या रेस्तराँमध्ये सहा टेबले एकदम कशी सांभाळायची, हे स्क्रीनवर शिकता येत नाही. शिवाय विद्यार्थी ज्या कॅफेंमध्ये आणि हॉटेलांमध्ये काम करून घरभाडे भरत होते, तीच सगळ्यात आधी बंद झाली. एप्रिल २०२० मध्ये तत्कालीन पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी, ज्या परदेशी विद्यार्थ्यांना स्वतःचा खर्च भागवता येत नाही त्यांनी मायदेशी परतावे, असे सांगितले. नोकरदारांना मिळालेले वेतन अनुदानही या विद्यार्थ्यांना लागू नव्हते. त्या वर्षी तिथे असलेले विद्यार्थी हे सहजी विसरलेले नाहीत.

तरीही या आकड्यांच्या मर्यादा लक्षात घ्यायला हव्यात. पहिली मर्यादा वर्गीकरणाची. या सर्वेक्षणात ‘हॉटेल व्यवस्थापन’ असा वेगळा विषय नाही. पर्यटन, आतिथ्य, वैयक्तिक सेवा, क्रीडा आणि मनोरंजन अशी एकच मोट बांधलेली आहे. क्रीडा व्यवस्थापनाचा विद्यार्थी खूश असेल तर त्याचा आनंद हॉटेलवाल्यांच्या खात्यातही जमा होतो. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. सर्वेक्षण शिकत असलेल्यांचे आहे, म्हणजे जो मध्येच सोडून गेला त्याचे मत त्यात नाही. युद्धातून परत आलेल्या विमानांवरची गोळ्यांची भोके मोजायची आणि न परतलेली विमाने विसरायची, अशातला हा प्रकार. परदेशी विद्यार्थ्यांना अलीकडे राहणे, सुरक्षितता आणि काम यांबद्दल वेगळे प्रश्नही विचारले जातात. पण संस्थांची जाहिरात होते ती वर्गातल्या अनुभवाच्या टक्केवारीवर.

वर्गातला अनुभव कसा असतो?

बहुतेक ठिकाणी चांगला असतो, हे मान्य करायला हवे. ऑस्ट्रेलियाला या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. मेलबर्नची विल्यम अँग्लिस इन्स्टिट्यूट १९४० पासून अन्नव्यवसायाचे शिक्षण देते. सिडनीजवळच्या लूरा गावात १९९१ मध्ये सुरू झालेले ब्लू माउंटन्स हॉटेल मॅनेजमेंट स्कूल आता टॉरेन्स विद्यापीठाचा भाग आहे. क्वीन्सलँडमधील ग्रिफिथ विद्यापीठाचे नाव पर्यटन आणि हॉटेल व्यवस्थापनाच्या संशोधनात आदराने घेतले जाते. साधने, ग्रंथालये आणि प्राध्यापकांना थेट प्रश्न विचारण्याची मोकळीक या गोष्टी भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला नव्या आणि सुखद वाटतात.

तक्रार असते ती वेगळीच. मुंबईत दादरच्या इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटमधून किंवा पुण्याच्या एखाद्या कॉलेजातून पदवी घेतलेला विद्यार्थी तिथे एम. ए. किंवा मास्टर्सला जातो. त्याने इथे कांदे चिरलेले असतात, बल्क किचनमध्ये घाम गाळलेला असतो, हाउसकीपिंगमध्ये पलंगाचे कोपरे घडी घालून दुमडलेले असतात. तिकडे मास्टर्सच्या वर्गात त्याला महसूल व्यवस्थापन, संशोधनपद्धती, ग्राहक वर्तन आणि गटात करायचे प्रकल्प मिळतात. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, मास्टर्स म्हणजे व्यवस्थापनाचे शिक्षण. पण ‘परदेशात मोठ्या किचनमध्ये शिकायला मिळेल’ असे मनात धरून गेलेल्याला ते कोरडे वाटते. उलट बारावीनंतर थेट गेलेल्याला गोमांस आणि डुकराचे मांस हाताळणे, चव घेणे, मद्याची ओळख हे सगळे पहिल्याच सत्रात समोर येते. मद्य वाढण्याच्या कामासाठी ‘आरएसए’ हे प्रमाणपत्रही घ्यावे लागते. शाकाहारी घरातल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी याबद्दल आधीच मोकळेपणी बोलून घेतलेले बरे. तिथे गेल्यावर कळण्यासारखी ही गोष्ट नाही.

सहाध्यायांशी मिसळण्याच्या भागाला सर्वेक्षणात बाकीच्या भागांपेक्षा कमी गुण मिळत आले आहेत. वर्गात बहुसंख्य परदेशीच असतील आणि स्थानिक विद्यार्थी मोजके असतील, तर ‘आंतरराष्ट्रीय वातावरण’ म्हणून रंगवलेल्या गोष्टीचा अर्थ बदलतो. भारत, नेपाळ आणि चीनमधून आलेल्या मुलांनी एकत्र येऊन ऑस्ट्रेलियन पाहुण्याची मनोवृत्ती पुस्तकातून शिकायची, अशी वेळ येते.

‘प्लेसमेंट’ या शब्दाचा घोळ काय आहे?

सगळ्यात मोठा अपेक्षाभंग एका शब्दापाशी होतो. महाराष्ट्रात ‘कॉलेजची प्लेसमेंट चांगली आहे’ याचा अर्थ कंपन्या कॉलेजात येतात आणि नोकरी देऊन जातात. ऑस्ट्रेलियातील माहितीपत्रकात ‘प्लेसमेंट’ लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या हॉटेलात काही शे तास काम करणे, एवढाच असतो. आपल्याकडे ज्याला ‘आयटी’ किंवा ‘इंडस्ट्रियल ट्रेनिंग’ म्हणतात ते. ते संपले की नोकरी मिळेलच असे नाही. पत्रकातील एकच ओळ वाचून नाशिकमधला बाप एक समजतो आणि मेलबर्नमधले कार्यालय दुसरेच म्हणते. दोघेही खोटे बोलत नसतात.

हे काम पगारी असेलच, असेही नाही. ऑस्ट्रेलियाच्या ‘फेअर वर्क’ कायद्यानुसार, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची अट म्हणून केलेली आणि मोबदल्याचा हक्क नसलेली ‘व्होकेशनल प्लेसमेंट’ बिनपगारी ठेवता येते. काही संस्थांच्या अभ्यासक्रमात पगारी काम असते, काहींत नसते. काही ठिकाणी जागा संस्था शोधून देते, काही ठिकाणी विद्यार्थ्यानेच हॉटेलांचे दरवाजे ठोठवायचे असतात. हा दुसरा प्रकार परदेशी विद्यार्थ्याला फार जड जातो. स्थानिक मुलाचा काका कुठेतरी मॅनेजर असतो. सोलापूरच्या मुलीचा तिथे कोणीच नसतो.

आणि त्या शेकडो तासांत काय शिकायला मिळते, हा आणखी वेगळा प्रश्न. चांगल्या हॉटेलात विद्यार्थ्याला एकेका विभागात फिरवतात. वाईट ठिकाणी तो तीन महिने भांडी धुण्याच्या यंत्रापाशी किंवा नाश्त्याच्या बुफेपाशीच उभा असतो, कारण तिथे माणसे कमी असतात. हॉटेलला हात मिळतात, विद्यार्थ्याला शिक्का मिळतो. स्कॉट रिचर्डसन यांनी ऑस्ट्रेलियातील पर्यटन आणि हॉटेल शाखेच्या पदवी विद्यार्थ्यांचा केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून अधिक विद्यार्थी या उद्योगाबाहेरच्या करिअरचा विचार करत असल्याचे दिसले. ज्यांनी या उद्योगात काम केले होते आणि जे पुढे त्यात राहणार नव्हते, त्यांतल्या जवळपास सगळ्यांनी कारण म्हणून कामाच्या अनुभवाकडेच बोट दाखवले. म्हणजे वर्गाने जवळ आणलेला विद्यार्थी हॉटेलने दूर लोटला. समाधानाच्या सर्वेक्षणात ही दोन टोके एकाच टक्केवारीत विरघळून जातात.

४८ तासांचे गणित कसे आहे?

विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना दर पंधरवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम करता येते. १ जुलै २०२३ पासून ही मर्यादा आहे. त्याआधी ती ४० तासांची होती आणि करोनाकाळानंतर मनुष्यबळाच्या टंचाईमुळे काही काळ उठवलेलीही होती. अभ्यासक्रमाचा नोंदणीकृत, सक्तीचा भाग असलेले काम या ४८ तासांत धरले जात नाही. सुट्टीत मर्यादा नसते.

‘तिकडे पार्टटाइम करून सगळे निघते’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते आकड्यांत मांडून पाहू. १ जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर आहे. ४८ तासांचे सुमारे १,१९८ डॉलर होतात. वर्षाचे २६ पंधरवडे एकही दिवस न चुकता काम केले, तर कर धरण्याआधी ३१ हजार डॉलरच्या थोडे वर. हॉटेलांतले बरेच काम ‘कॅज्युअल’ स्वरूपाचे असते. त्याला भरपगारी रजा नसते, म्हणून २५ टक्के जादा दर असतो. तो धरला तर हीच कमाई ३९ हजारांच्या जवळ जाते. शनिवार-रविवारच्या पाळ्यांना आणखी थोडे.

आता खर्च. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याखाण्याकरिता २९,७१० डॉलर दाखवावे लागतात. मे २०२४ पासून हा आकडा आहे. सिडनीत प्रत्यक्ष भाडे शोधणाऱ्याला तो तोकडाच वाटेल. विद्यापीठातील हॉटेल व्यवस्थापनाची फी वर्षाला साधारण ३० ते ४० हजार डॉलर. नुसते व्हिसा शुल्क १ जुलै २०२४ रोजी ७१० वरून १,६०० डॉलरवर गेले आणि वर्षभरातच २,००० डॉलर झाले. डॉलरला साधारण ५५ ते ६० रुपये धरले तर केवळ अर्ज करण्याचा खर्च लाखाच्या वर जातो आणि व्हिसा नाकारला तरी तो परत मिळत नाही. थोडक्यात, नियमात राहून, किमान वेतन पुरेपूर मिळून, एकही पाळी न चुकवता काम केले तर पोट भरेल. फी कर्जातूनच जाईल.

यातले ‘किमान वेतन पुरेपूर मिळून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बासिना फार्बेनब्लुम आणि लॉरी बर्ग यांनी २०१७ मध्ये ४,३२२ तात्पुरत्या स्थलांतरितांच्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष मांडले. त्यातील परदेशी विद्यार्थ्यांपैकी चौथा हिस्सा ताशी १२ डॉलर किंवा त्याहून कमी पैशांत काम करत होता. कायदेशीर किमान वेतन तेव्हाही याच्या कितीतरी वर होते. सर्वांत कमी पगाराच्या कामाची जागा म्हणून कॅफे, रेस्तराँ आणि टेकअवे यांचे नाव बहुतेकदा आले. आतिथ्य शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचा त्या उद्योगाशी पहिला परिचय असा होणार असेल, तर त्याच्या मनात वर्गातले धडे किती उरतील? १ जानेवारी २०२५ पासून जाणीवपूर्वक पगार बुडवणे हा तिथे फौजदारी गुन्हा ठरला आहे. कायदा कडक झाला हे चांगलेच, पण ४८ तासांची मर्यादा ओलांडलेला विद्यार्थी व्हिसा जाईल या धास्तीने तक्रारीला पुढे येत नाही आणि काही मालक नेमका याचाच फायदा घेतात. या धास्तीवर उपाय म्हणून कामगार हक्कांसाठी लढणाऱ्या व्हिसाधारकांना संरक्षण देणाऱ्या तरतुदीही २०२४ मध्ये झाल्या. त्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत, यावर त्यांचा उपयोग ठरेल.

कायम वास्तव्याच्या आशेचे काय?

इथे इतिहास पाहावा लागतो. २००५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाने स्वयंपाकी आणि केशकर्तनकार हे व्यवसाय मागणी असलेल्या व्यवसायांच्या यादीत घातले. तिथे शिकून त्या व्यवसायाची पात्रता मिळवली की कायम वास्तव्यासाठी जादा गुण मिळू लागले. बघता बघता पाककलेच्या खासगी कॉलेजांचे पीक आले आणि त्यांच्या बाकांवर मोठ्या संख्येने भारतीय मुले बसली. ही प्रामुख्याने व्यावसायिक कॉलेजे होती, विद्यापीठे नव्हेत. काहींकडे धड स्वयंपाकघरही नव्हते. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या आपल्याकडे गाजल्या. त्याच काळात एकामागून एक कॉलेजे बंद पडत होती, याकडे तेवढे लक्ष गेले नाही.

फेब्रुवारी २०१० मध्ये ती यादीच रद्द झाली. जुलैपासून आलेल्या नव्या, आखूड यादीत १८१ व्यवसाय होते. त्यात शेफ नव्हता, स्वयंपाकीही नव्हता. ज्यांनी लाखो रुपये भरून अर्धा अभ्यासक्रम पुरा केला होता त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. २०१४ मध्ये शेफ पुन्हा यादीत आला. म्हणजे नऊ-दहा वर्षांत एकच व्यवसाय आत, बाहेर, पुन्हा आत. तीन वर्षांची पदवी घ्यायला निघालेल्याने आजच्या यादीवर घर गहाण ठेवायचे का, याचा विचार या तारखा पाहून करावा.

त्या पडझडीतून काही चांगलेही निघाले. ब्रूस बेअर्ड यांच्या २०१० मधील अहवालानंतर २०१२ मध्ये ‘ट्युइशन प्रोटेक्शन सर्व्हिस’ सुरू झाली. संस्था बंद पडली तर विद्यार्थ्याला दुसरीकडे प्रवेश किंवा न वापरलेल्या फीचा परतावा मिळतो. मायकेल नाइट यांच्या २०११ च्या अहवालामुळे विद्यापीठाच्या पदवीधरांना शिक्षणानंतर काही काळ काम करण्याचा व्हिसा मिळू लागला. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला आणि त्यानुसार भारतीय पदवीधराला दोन वर्षांपर्यंत, तर मास्टर्सवाल्याला तीन वर्षांपर्यंत राहता येते. पण हा तात्पुरता व्हिसा आहे, कायम वास्तव्य नव्हे. जुलै २०२४ पासून त्याची वयोमर्यादाही बहुतेकांसाठी ३५ वर आणली गेली. दहा वर्षे ताज-ओबेरॉयमध्ये नोकरी करून तिशीच्या मध्यावर मास्टर्सला निघालेल्यांनी हे आधी तपासायला हवे.

आणखी एक भेद सल्लागारांच्या कार्यालयात बऱ्याचदा पुसला जातो. विद्यापीठाची हॉटेल व्यवस्थापनाची पदवी माणसाला शेफ बनवत नाही. शेफ म्हणून पात्रता सिद्ध करायची तर व्यावसायिक पाककलेचे शिक्षण आणि प्रत्यक्ष काम लागते. व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्याचा मार्ग व्यवस्थापकाच्या पदाकडे जातो आणि ते पद परदेशी नवख्याला लगेच कोणी देत नाही. विद्यापीठात प्रवेश घेऊन नंतर कॉलेजात उडी मारण्याचे एक कारण खर्च आहे, तर दुसरे हे. ऑगस्ट २०२३ मध्ये शिक्षणमंत्री जेसन क्लेअर यांनी दुहेरी प्रवेशाची पळवाट बंद केली. आता पहिले सहा महिने मूळ संस्था सहजी सोडता येत नाही. बोगस विद्यार्थी रोखायला हे योग्यच होते. मात्र ज्याला चुकीचा अभ्यासक्रम विकला गेला तोही आता त्याच दाराआड अडकला आहे.

अपेक्षा कोण वाढवतो?

परदेशी विद्यापीठे भारतात विद्यार्थी मिळवतात ती मुख्यतः एजंटांमार्फत. विद्यार्थ्याने प्रवेश घेतला की एजंटाला विद्यापीठाकडून दलाली मिळते. म्हणूनच पुण्या-मुंबईतच काय, कोल्हापूर-जळगावातही ‘मोफत समुपदेशन’ अशा पाट्या झळकतात. समुपदेशन मोफत असते, कारण त्याचे पैसे दुसरीकडून आलेले असतात. सगळेच एजंट फसवे नसतात. पण ज्याला प्रवेश झाल्यावरच पैसे मिळतात, तो ‘तुझ्यासाठी हा अभ्यासक्रम बरोबर नाही’ असे सांगेल, ही अपेक्षा भाबडी आहे.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने संस्थेवर काही बंधने घातली आहेत. आपल्या एजंटांची यादी संस्थेने संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. प्रवेशाआधी अभ्यासक्रम, फी आणि कामाच्या अनुभवाची खरी माहिती द्यावी लागते. दलाली किती, हे मात्र विद्यार्थ्याला कळत नाही. इथेच विद्यापीठांची जबाबदारी सुरू होते. समाधानाची टक्केवारी जाहिरातीत मिरवायची असेल, तर त्याच पानावर दलालीचा दर, परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांची प्लेसमेंट पगारी होती आणि कितींना ती संस्थेने शोधून दिली, हेही छापले पाहिजे. पाहुण्याकडून खोलीचे भाडे घेताना खिडकी समुद्राकडे आहे की भिंतीकडे हे सांगायचे असते, हे याच संस्था शिकवतात.

भारताकडेही करण्यासारखे आहे. परदेशी नोकरी देणाऱ्या एजंटांना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. शिक्षणासाठी पाठवणाऱ्यांना ती लागत नाही. पंजाबने अशा सल्लागारांसाठी राज्याचा कायदा करून परवाना सक्तीचा केला. त्याची अंमलबजावणी आदर्श आहे असे कोणी म्हणणार नाही, पण निदान तक्रार कोणाकडे करायची हे तिथे ठरलेले आहे. महाराष्ट्रानेही तशी सक्ती करायला हवी.

पालकांनी नेमके कुठे पाहावे?

सर्वेक्षणातील टक्केवारी पाहावी, पण ती शेवटी. आधी ‘क्रिकॉस’ उघडावे. परदेशी विद्यार्थ्यांना शिकवण्याची परवानगी असलेल्या प्रत्येक संस्थेची आणि अभ्यासक्रमाची ही ऑस्ट्रेलियन सरकारी नोंदवही आहे. मोबाइलवरही उघडते. एजंटाने दिलेल्या प्रवेशपत्रावर अभ्यासक्रमाचा क्रिकॉस क्रमांक असतो. तो तिथे टाकला की अभ्यासक्रमाचा कालावधी, शिकवणी फी, इतर शुल्क आणि एकूण अंदाजे खर्च दिसतो. त्याखाली ‘वर्क कम्पोनंट’ अशी एक ओळ असते. तिच्यापुढे ‘हो’ असेल तर आठवड्याला किती तास, किती आठवडे आणि एकूण किती तास हेही लिहिलेले असते. तिच्यापुढे ‘नाही’ असेल आणि हातातल्या रंगीत पत्रकावर मात्र ‘इंटर्नशिपसह’ असे छापलेले असेल, तर फीचा पहिला हप्ता भरण्याआधी त्या दोन कागदांतला फरक संस्थेला ईमेलने विचारावा आणि उत्तर लेखी मागावे. प्लेसमेंट पगारी आहे का आणि जागा कोण शोधणार, हे दोन प्रश्नही त्याच ईमेलमध्ये घालावेत.